रंग जातो कुठे?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या डॉ. के. वेंकटरामन यांनी आपले आयुष्य रंगांच्या अभ्यासाला दिले. १९०१ साली मद्रासमध्ये जन्म, मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन, लाहोरला काही वर्षे अध्यापन आणि मग मुंबई. आज आपण जिला माटुंग्याची आयसीटी म्हणतो, ती संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झाली. १९३८ पासून १९५७ पर्यंत वेंकटरामन तिचे संचालक होते. नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले आणि पुढे ही मालिका आठ खंडांपर्यंत गेली. जगभरच्या रंगरसायनज्ञांच्या टेबलावर ती असे.

अशा माणसाच्या स्मृतीला वंदन करताना मी रंग घालवण्याबद्दल बोलणार आहे. याला कारण आहे. कापड रंगवायचे तर त्याचा मूळचा मळकट पिवळा रंग आधी काढावा लागतो. रंगाऱ्याच्या कामाचा तो पहिला टप्पा. आणि एखादा रंग कसा मरतो हे सांगायचे, तर तो कसा जगतो हे आधी समजून घ्यावे लागते.

माझा प्रश्न साधा आहे. डाग जातो, कापड पांढरे होते, गूळ पिवळाधमक होतो, तेव्हा तिथला आधीचा रंग जातो कुठे? याची मुख्य उत्तरे तीन. कधी रंगाचा रेणू मोडून पडतो. कधी तो शाबूत राहतो, पण निद्रिस्त होतो आणि पुढे जागा होऊ शकतो. कधी त्याला हातही लागत नाही, नुसता झाकला जातो. डोळ्यांना तिन्ही वेळा सारखेच दिसते. कापडावर, पोटावर, नदीवर होणारे परिणाम मात्र फार वेगळे असतात. पांढऱ्या रंगासाठी आपण काय किंमत मोजतो ते कळायचे असेल, तर या तिन्हींत फरक करता आला पाहिजे. आजच्या तासाभरात मला एवढेच पटवून द्यायचे आहे.

हळदीच्या डागापासून सुरुवात

आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्यातला काही भाग एखाद्या पदार्थाने शोषला की उरलेला भाग आपल्याला रंग म्हणून दिसतो. हळदीतला कर्क्युमिन हा रेणू जांभळ्या-निळ्या टोकाकडचा प्रकाश शोषतो, म्हणून हळद पिवळी. गाजरातले बीटा कॅरोटिन निळा प्रकाश शोषते, म्हणून ते नारिंगी.

रेणू हे शोषण करतो कसे? या दोन्ही रेणूंत कार्बनच्या अणूंची एक साखळी असते आणि तिच्यात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा रचनेत इलेक्ट्रॉन एका बंधापुरते अडकून राहत नाहीत, साखळीभर पसरतात. लांब दोरीचा झोका सावकाश झुलतो आणि आखूड दोरीचा भरभर. तसेच इथे आहे. साखळी लांब असेल तर तिच्यातले इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेचा, म्हणजे दृश्य प्रकाश पकडतात. साखळी आखूड झाली की त्यांना जास्त ऊर्जेचा, अतिनील प्रकाश लागतो, आणि तो आपल्याला दिसत नाही. बीटा कॅरोटिनमध्ये असे अकरा दुहेरी बंध सलग आहेत. मध्येच एक बंध तोडला, तर कार्बनचे जवळजवळ सगळे अणू जागेवर राहूनही रंग फिका पडतो. आणखी एक-दोन बंध तोडले की तो दिसेनासा होतो.

विरंजनाचे, म्हणजे रंग घालवण्याचे, सगळे मर्म यात आहे. रंग घालवण्यासाठी पदार्थ संपूर्ण हटवावा लागत नाही. त्याच्या रेणूतली नेमकी जागा बिघडवली की पुरते.

आता जेवताना सदऱ्यावर सांडलेल्या आमटीचा डाग घ्या. साबण लावला की तो लालभडक होतो. साबणाच्या अल्कलीने कर्क्युमिनमधला एक हायड्रोजन काढून घेतलेला असतो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदललेली असते आणि रेणू आता वेगळा प्रकाश शोषतो. लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा. इथे काहीच गेले नाही, रंगाने नुसता वेश बदलला. पण तोच कपडा धुऊन कडक उन्हात वाळत घातला की डाग खरोखर जातो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून कर्क्युमिनचे तुकडे करतात. त्या तुकड्यांत व्हॅनिलिन असते, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचे मुख्य द्रव्य. ते कापडावर असले तरी दिसत नाही, कारण आता साखळी आखूड आहे. हळदीचा डाग उन्हात घालवणाऱ्या आपल्या आज्यांच्या हाती एक उत्तम प्रकाशरासायनिक विरंजन होते.

कुरणातून कारखान्यात

ऊन हेच माणसाचे सगळ्यात जुने विरंजक. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए लिहितो की कोरे सुती कापड पांढरे करण्यासाठी भडोचला आणायचे, कारण तिथे मोकळी कुरणे होती आणि लिंबे मुबलक होती. ऊन आणि आम्ल या दोन गोष्टींवर तो धंदा उभा होता. हॉलंडमध्ये हार्लेमच्या आसपास लिननचे तागे राखेच्या क्षारात उकळत, गवतावर पसरत, आंबट ताकात भिजवत आणि पुन्हा पसरत. एकेका ताग्याला महिनेच्या महिने लागत. १७५६ मध्ये एडिंबरोच्या फ्रान्सिस होम यांनी ताकाऐवजी सौम्य गंधकाम्ल वापरता येते हे दाखवले आणि वेळ बराच घटला. तरी कुरणाची गरज उरलीच.

१७७४ साली स्वीडनच्या शेल यांना एक हिरवट पिवळा, गुदमरवणारा वायू मिळाला. फुलापानांचे रंग तो नाहीसे करतो, हेही त्यांनी टिपून ठेवले. हा क्लोरीन. १७८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थोले यांनी तो कापडासाठी वापरून पाहिला. पॅरिसजवळच्या जावेल इथे त्याचे द्रावण बनू लागले. वायू हाताळणे जिकिरीचे होते. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी कोरड्या विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून पांढरी पूड तयार केली. हे विरंजक चूर्ण पोत्यापिंपांत भरून कुठेही नेता येत होते. महिन्यांचे काम दिवसांवर आले आणि कापडासाठी अडलेली कुरणे मोकळी झाली. सूतगिरण्या वाढल्या, कारण तयार होणारे कापड तितक्याच वेगाने पांढरे करणे आता शक्य होते. औद्योगिक क्रांती सांगताना आपण वाफेचे इंजिन आणि माग यांची नावे घेतो. ही पांढरी पूडही त्याच पंक्तीत बसते.

मोडणारी रसायने

क्लोरीनच्या घराण्यातली सगळी विरंजके ऑक्सिडीकारक आहेत, म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणारी. घरात बाटलीतून येणारे द्रव ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण. पाण्यात त्याचा काही भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, आणि जिथे इलेक्ट्रॉन दाट आहेत तिथे हे आम्ल धाव घेते. रंगाच्या साखळीतले दुहेरी बंध नेमके तसे असतात. बंधावर क्लोरीन किंवा ऑक्सिजन चिकटतो, साखळी तुटते, लहान आणि पाण्यात विरघळणारे तुकडे होतात आणि धुवून जातात. तुटलेले पुन्हा जुळत नाही, म्हणून या मार्गाने गेलेला रंग परत येत नाही.

अडचण ही की हायपोक्लोराइटला रंगाचा बंध आणि कापडाचा बंध यांतला भेद फारसा कळत नाही. सुती धागा सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा. त्याही तुटतात आणि धागा विरतो. द्रावण उदासीन झाले, ना आम्ल ना अल्कली, तर ही झीज सगळ्यात जास्त होते. म्हणून जाणते कारागीर द्रावण मुद्दाम अल्कलीयुक्त ठेवतात, आणि काम झाल्यावर कापडात उरलेला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारतात. छायाचित्रणाच्या डार्करूममध्ये काम केलेल्यांना हे द्रव्य हायपो म्हणून ओळखीचे असेल. लोकर आणि रेशीम तर प्रथिनांचे. हायपोक्लोराइट त्यांना पिवळे पाडते, खाते आणि शेवटी विरघळवते. पैठणीवरच्या डागाला कुणी ब्लीच सुचवले, तर त्यांचा हात धरा.

दुसरे मोठे ऑक्सिडीकारक म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १८१८ मध्ये फ्रान्सच्या तेनार यांनी ते शोधले. त्याच्यापासून शेवटी उरते ते पाणी आणि ऑक्सिजन, हा त्याचा मोठा गुण. नुसते पेरॉक्साइड मात्र मंद असते. अल्कली मिळाली की त्याचा एक हायड्रोजन सुटतो आणि जो ऋणभारित आयन उरतो, तोच खरा कामकरी. हायपोक्लोराइट इलेक्ट्रॉनांच्या गर्दीकडे धावते, तर हा आयन रेणूतल्या इलेक्ट्रॉन-विरळ जागा शोधतो. रंगांत अशा जागा बहुधा कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या आसपास सापडतात. दोन्ही रसायने रंग मोडतातच, पण प्रत्येकाचा घाव वेगळ्या ठिकाणी बसतो. एका विरंजकाला न जुमानणारा डाग दुसऱ्याने जातो, तो यामुळे.

इचलकरंजीसारख्या गावात, जिथे १९०४ पासून यंत्रमाग चालत आले आहेत, कापड-प्रक्रियेच्या कारखान्यात, म्हणजे तिथल्या भाषेत प्रोसेसमध्ये, जाऊन पाहा. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाची आधी खळ काढतात. मग कॉस्टिक सोड्यात उकळून कापसाचे मेण काढतात, आणि त्यानंतर पेरॉक्साइड, कॉस्टिक व सोडियम सिलिकेटच्या द्रावणात नव्वद-पंच्याण्णव अंश तापमानाला ठेवतात. सिलिकेट कशासाठी? पेरॉक्साइड एकदम फुटून वाया जाऊ नये, सावकाश खर्च व्हावे म्हणून. पाण्यात लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश असेल तर तो उत्प्रेरक ठरतो. गंजाचा एक कण कापडावर बसला, तर त्या जागी पेरॉक्साइड इतक्या जोराने फुटते की कापडाला बारीक भोक पडते. ब्लीचिंगच्या मास्तरांची पाण्यावर आणि टाकीच्या गंजावर डोळ्यांत तेल घालून नजर असते, ती यासाठी.

ब्यूटी पार्लरमधले ब्लीचही पेरॉक्साइडचेच. ते चेहऱ्यावरच्या बारीक केसांतले मेलॅनिन मोडते आणि केस त्वचेच्या रंगात मिसळून जातात, म्हणून चेहरा उजळ वाटतो. आपली सावळी कांती मात्र त्वचेतल्या जिवंत पेशींनी बनवलेल्या मेलॅनिनची आहे. ऊन सोसण्यासाठी शरीराने ते जमवले आहे आणि ते डाग नाही. ते बनूच नये म्हणून काही क्रीममध्ये पारा मिसळला जातो. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतो. मुलीच्या रंगाची काळजी करणाऱ्या प्रत्येक घराला हे मोठ्याने सांगितले पाहिजे.

निद्रिस्त करणारी रसायने

आता उलट दिशेची रसायने पाहू. ही क्षपणकारक, म्हणजे रेणूला इलेक्ट्रॉन देणारी. गंधक जाळल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइड हे त्यांतले सर्वांत जुने. लोकर पांढरी करायला ते प्राचीन रोमन काळापासून वापरात आहे. गुलाबाची पाकळी या वायूत धरली की फिकी होते, आणि नंतर सौम्य गंधकाम्लात बुडवली की तिचा रंग परततो. रेणू मोडलाच नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

इंडिगोचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. निळा इंडिगो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो तसाच धाग्यात शिरत नाही. रंगारी त्याला अल्कलीत सोडियम डायथायोनाइट देतात. आपल्या बाजारात त्याला हायड्रोस म्हणतात. इंडिगोच्या रेणूतले दोन कार्बन-ऑक्सिजन बंध बदलतात, निळा जातो आणि पिवळट हिरवे, विरघळणारे रूप तयार होते. त्यात बुडवलेले सूत बाहेर काढले की हवा लागते आणि काही मिनिटांत ते पिवळ्याचे हिरवे आणि हिरव्याचे निळे होते. ज्या निद्रेने रंग दिसेनासा झाला होता, तिनेच त्याला धाग्याच्या आत नेऊन बसवले.

हीच निळी जीन्स पुढे मुद्दाम विटकी करतात. गुडघ्यावर पोटॅशियम परमँगनेट फवारतात. हे ऑक्सिडीकारक इंडिगोचा मधला दुहेरी बंधच कापते, एका रेणूचे दोन तुकडे होतात आणि तो निळा कायमचा संपतो. मागे राहतो मँगनीजचा तपकिरी डाग. मग मेटाबायसल्फाइट हे क्षपणकारक देऊन तो धुतात. रंग एकच, पण क्षपणाने गेला तर परततो आणि ऑक्सिडीकरणाने गेला तर परतत नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात एवढे एक प्रात्यक्षिक दाखवले, तरी मुले हे दोन शब्द आयुष्यभर विसरणार नाहीत.

हाच हायड्रोस आपल्या गुऱ्हाळघरात पोचला आहे. चुलवाणावरच्या काहिलीत उसाचा रस उकळताना भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढायची, ही आपली जुनी रीत. ती रसातला गाळ काढते. उसातली द्रव्ये आणि उष्णता यांमुळे येणारा तांबूस, तपकिरी रंग मात्र पुष्कळसा राहतो, आणि तो गुळाचा स्वतःचा रंग आहे. पण बाजारात पिवळ्या ढेपेला भाव मिळतो, गडद ढेप मागे पडते. म्हणून पाकात हायड्रोस पडतो. त्यातून निघणारी गंधकाची संयुगे रंगद्रव्यांचे क्षपण करतात, गूळ सोन्यासारखा दिसू लागतो आणि साठवणीत हवा लागली की पुन्हा काळवंडतो. मागे राहतात ती सल्फाइटे. गुळातल्या सल्फर डायऑक्साइडसाठी आपल्या अन्नकायद्याने दशलक्ष भागांत ७० भागांची मर्यादा घातली आहे. सल्फाइट सोसत नाही अशा दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो, आणि ब-१ जीवनसत्त्व त्याने नष्ट होते. गुळव्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याची ढेप आपण डोळ्यांनी पारखतो, जिभेने नाही, आणि त्याला भाव त्या पारखीनुसार मिळतो. कोल्हापुरी गुळाची कीर्ती चवीवर उभी राहिली; ती रंगावर टिकवू पाहणे हा आपल्याच मातीशी अन्याय आहे.

क्षपणाने गेलेला रंग दरवेळी परततोच असे नाही, आणि हा अपवाद फार महत्त्वाचा आहे. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग अझो घराण्यातले. त्यांच्या मध्यावर दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध असतो आणि क्षपणकारक तो सरळ दुभंगतो. रंग जातो, कायमचा जातो, आणि जागी उरतात दोन अमाइन. काही रंगांतून निघणारी ही अमाइन, उदाहरणार्थ बेन्झिडिन, माणसात कर्करोग घडवतात. आपल्या आतड्यातले आणि नदीतळाच्या गाळातले ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणूही हीच फोड करतात. या कारणाने १९९० च्या दशकात जर्मनीने आणि नंतर भारताने अशा रंगांवर बंदी आणली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. प्रोसेसचे लालनिळे सांडपाणी नाल्यात दिसले की आपण तक्रार करतो आणि ते योग्यच आहे. पण ते पाणी रंगहीन करून सोडले म्हणजे पंचगंगा नदी वाचली असे होत नाही. रंग घालवणे हा शुद्धीकरणाचा एक भाग. दुभंगून उरलेल्या तुकड्यांचे पुढे काय झाले, हे मोजणे हा दुसरा. प्रदूषण तपासणाऱ्यांनी डोळ्यांवर विसंबू नये आणि नागरिकांनीही विसंबू नये.

झाकणारी रसायने

तिसरा मार्ग सगळ्यांत सौम्य, आणि आपल्या घरात सगळ्यांत जुना. धुतलेले पांढरे कपडे शेवटच्या पाण्यात नीळ टाकून बुडवतात. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीनची बारीक पूड. इंडिगोशी तिचा संबंध नाही. जुने कापड पिवळसर दिसते, कारण ते थोडा निळा प्रकाश शोषते. निळीचे कण पिवळा भाग शोषतात, दोन्ही बाजू समान होतात आणि डोळ्यांना पांढरे वाटते. प्रत्यक्षात कापडावरून परतणारा एकूण प्रकाश थोडा घटलेला असतो.

कपड्यांना चकाकी देणाऱ्या टिनोपॉलचे काम निराळे. ते न दिसणारा अतिनील प्रकाश शोषते आणि निळा प्रकाश बाहेर टाकते. त्यामुळे कापडावरून परतणारा दृश्य प्रकाश खरोखर वाढतो आणि कापड पांढऱ्याहून पांढरे भासते. १९२९ मध्ये जर्मनीच्या पाउल क्रायस यांनी हॉर्स चेस्टनटच्या सालीतल्या एस्क्युलिन या द्रव्याने असा परिणाम होतो हे दाखवले आणि त्यातून हा मोठा उद्योग जन्मला. धुण्याच्या बहुतेक पावडरींत आज अशी द्रव्ये असतात. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात एकच सदरा वेगळा पांढरा दिसतो, कारण दोन्हीकडचे अतिनील किरण सारखे नसतात. इथे मळ किंवा डाग यांचे काहीही झालेले नसते. चकाकी आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जाहिरातीत कुणी सांगणार नाही. ते आपणच एकमेकांना सांगायला हवे.

कागदाची गोष्टही अशीच शिकण्यासारखी. लाकडातले लिग्निन हे कागदाच्या पिवळेपणाचे मूळ. वर्तमानपत्राच्या कागदात ते तसेच ठेवून नुसते हायड्रोस किंवा पेरॉक्साइडने उजळवतात. ऊन आणि हवा लागली की लिग्निन पुन्हा रंग धरते, म्हणून जपून ठेवलेली जुनी कात्रणे तांबूस होतात. चांगल्या कागदासाठी लिग्निन मुळातूनच काढावे लागते. हे काम पूर्वी क्लोरीन वायूने होई. १९८० च्या दशकात कागद गिरण्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिन ही अत्यंत विषारी द्रव्ये सापडली, आणि जगभरच्या गिरण्या क्लोरीन डायऑक्साइडकडे वळल्या. नावात क्लोरीन असले तरी ते लिग्निनला क्लोरीन चिकटवण्यापेक्षा त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेते, त्यामुळे डायॉक्सिनचा प्रश्न जवळजवळ मिटला. कागद पूर्वीइतकाच पांढरा राहिला, बदलली ती पांढरा करण्याची रीत. रीत बदलता येते, याचे हे मोठे आश्वासक उदाहरण आहे.

विहिरीत पडणारी पूड

एवढे ऐकून कुणाला वाटेल की ही रसायने वाईटच. तसा समज घेऊन कुणी घरी जाऊ नये. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना विरंजक चूर्णाच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या मातांची संख्या झपाट्याने उतरली. तोच हायपोक्लोरस आम्लाचा रेणू जंतूंची प्रथिने मोडतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा जंतू मारण्यासाठी हेच आम्ल स्वतः बनवतात.

महाराष्ट्राच्या गावागावांत पाणीपुरवठा कर्मचारी टाकीत आणि विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. ही टेनंट यांच्या पुडीचीच नात. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली की तो उडून जातो आणि पावडर दिसायला तशीच पांढरी राहते. म्हणून पोते बंद ठेवणे, पावडर तपासून घेणे, टाकल्यावर अर्धा तास थांबणे आणि शेवटच्या नळावर पाण्यात उरलेला क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी करणे, ही साधी कामे गावाचे आरोग्य राखतात. काविळीची किंवा अतिसाराची साथ बहुधा या साखळीतल्या एखाद्या तुटलेल्या कडीतून येते. ग्रामसभेत रस्त्याइतक्याच आग्रहाने ओटीची वही मागायला हवी.

घरासाठी एक इशारा. द्रव ब्लीच आणि आम्लाचे संडास-क्लीनर कधीही एकत्र ओतू नका. आम्ल मिळाले की ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर सोडला गेला तोच हा वायू. अमोनियाबरोबरही विषारी वाफा निघतात. बंद न्हाणीघरात एवढी चूक जिवावर बेतते. घरात कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगणे आपले कर्तव्य आहे, कारण बाटलीवरची बारीक अक्षरे त्यांच्यासाठी लिहिलेली नसतात.

शेवटी

रंग जातो कुठे, या प्रश्नाची तीन उत्तरे आपण पाहिली. मोडलेला रंग परत येत नाही, पण त्याचे तुकडे कुठेतरी असतात, आणि सोबत कापडही थोडे झिजते. निद्रिस्त रंग परत येऊ शकतो, आणि त्याला निजवणारे रसायन पदार्थात मागे राहते. झाकलेला रंग होता तिथेच असतो. रासायनिक दृष्ट्या पांढरे ही काही एक वस्तू नाही; ते तीन वेगळ्या घटनांचे एकसारखे दिसणारे फळ आहे.

हे उमगले की काही निर्णय आपोआप सोपे होतात. विहिरीच्या पाण्यासाठी, दवाखान्यातल्या चादरीसाठी मोडणारे रसायन हवेच आणि ते पुरेसे हवे. रोजच्या सदऱ्यासाठी ऊन आणि साबण बहुतेक वेळा पुरतात. गुळाला यांतले काहीच नको. वहीच्या कागदाला दुधासारखे पांढरे असण्याची गरज नाही. किंचित पिवळसर कागदावर अक्षर वाचायला काही अडत नाही, आणि तो बनवताना रसायने व पाणी दोन्ही कमी लागतात. यंत्रमागाच्या गावांना सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे हवीत, आणि तिथल्या प्रयोगशाळांत पाण्याच्या रंगापलीकडे जाऊन अमाइन आणि क्लोरीनयुक्त संयुगे मोजणारी माणसे हवीत. अशी माणसे आपल्याच विद्यापीठांतून तयार होतील. वेंकटरामन यांनी मुंबईत जो विभाग वाढवला, तो गिरण्यांच्या गावाला रसायनशास्त्र मिळावे म्हणूनच होता.

त्यांनी आपल्या पिढीला रंगांचे रेणू ओळखायला शिकवले. आपल्या पिढीने त्या रेणूंचा शेवटही तितक्याच काळजीने ओळखला पाहिजे. दुकानात, गुऱ्हाळावर, ग्रामसभेत, जिथे कुठे काही पांढरे करून आपल्यापुढे ठेवले जाईल, तिथे विचारा की हे मोडून केले, निजवून केले की झाकून केले. उत्तर देणारे अडखळले, तर पुन्हा विचारा. ग्राहक विचारू लागले की व्यापारी शिकतात, आणि व्यापारी शिकले की गुळव्याला गडद ढेपेचाही न्याय्य भाव मिळू लागेल.